आधी फुगा, मग सूत्र

शनिवार पेठेत अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेते. वायूंची गणितं आली की मुलं ‘पीव्ही बरोबर एनआरटी’ लिहून लगेच आकडे घालायला लागतात. सूत्र पाठ असतं, गणित तरी चुकतं.

१. अंदाज आधी बांधावा. शनिवारवाड्यापाशी मिळतो तेवढा फुगा घ्या. आकारमान ४ लिटर, तापमान २७ अंश सेल्सिअस, दाब ०.९४ अ‍ॅटमॉस्फिअर. आत हायड्रोजन किती ग्रॅम? एका मुलीनं ३.४ ग्रॅम उत्तर आणलं. गुणाकार-भागाकार सगळे बरोबर. मी एवढंच विचारलं, “शून्य अंशाला, एक अ‍ॅटमॉस्फिअरला एका मोलला २२.४ लिटर जागा लागते. मग चार लिटरमध्ये किती मोल मावतील?”
“पाव मोलसुद्धा नाही, बाई.”
म्हणजे हायड्रोजन अर्ध्या ग्रॅमच्या आतच हवा. ती वहीकडे बघत राहिली, आणि मग तिनंच २७ खोडून ३०० लिहिलं. उत्तर आलं ०.३१ ग्रॅम.

२. सेल्सिअसचं शून्य पाणी गोठण्यावरून ठरलंय. वायूला त्याचं सोयरसुतक नाही. तापमान केल्विनमध्येच घालायचं.

३. दाब ०.९४ का, असं मुलांनी विचारलं की मला फार बरं वाटतं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथली हवा पूर्ण एक अ‍ॅटमॉस्फिअर भरत नाही.

४. स्थिरांक एककं बघून निवडावा. लिटर-अ‍ॅटमॉस्फिअर असेल तर ०.०८२१, घनमीटर-पास्कल असेल तर ८.३१४.

५. पंक्चरवाल्याचं मीटर बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतं. हे मला शिकवायला लागल्यावर कितीतरी वर्षांनी उमगलं. मीटरवर ३२ दिसले तर आत खरे ४६ च्या आसपास असतात. टायर २७ अंशांवरून ५७ वर तापला तर दहा टक्के वाढ या ४६ वर धरायची, ३२ वर नाही. मीटर मग साडेछत्तीसच्या जवळ जातं.

६. सूत्र कुठे चालत नाही तेही शिकवावं. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, पण बहुतेक द्रवरूपात. द्रव शिल्लक आहे तोवर आतला दाब फारसा उतरत नाही, त्यामुळे दाबावरून मोल काढता येत नाहीत. किती गॅस उरलाय ते वजन करूनच कळतं.