बुरशी आणि वृक्षांचे आरोग्य
(इयत्ता ५ वी ते ७ वी : सामान्य विज्ञान. शिक्षकांसाठी पाठटिपण)

हेतू : बुरशी ही सृष्टीच्या व्यवहारातील एक आवश्यक घटक आहे, आणि उभ्या झाडास ती घातक ठरते ती पुष्कळदा मनुष्याने केलेल्या इजेमुळे, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देणे.

विषयप्रतिपादन : पावसाळा सुरू होताच उकिरड्यावर, कुंपणाशी व जुन्या खोडांवर छत्र्या उगवतात. मुले त्यांस कुत्र्याची छत्री म्हणतात. परंतु छत्री म्हणजे संपूर्ण बुरशी नव्हे. आंबा हे जसे झाडाचे फळ, तद्वत छत्री हे बुरशीचे फळ होय. तिचे खरे शरीर सुताहून बारीक तंतूंचे असून ते मातीत वा लाकडात पसरलेले असते. बुरशीच्या अंगी हरितद्रव्य नाही. म्हणून तिला स्वतःचे अन्न सिद्ध करता येत नाही. ते तिला इतरांकडून मिळवावे लागते.

अरण्यात हे अन्न मिळविताना बुरशी तीन मोठी कामे करते. पहिले काम कुजविण्याचे. लाकडास कठीणपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्य पचविणे फारच थोड्या जीवांस साधते. त्यांत काही बुरशा प्रमुख होत. त्या नसत्या, तर सह्याद्रीच्या रानात पडलेली खोडे व फांद्या यांचे ढीग साचले असते आणि त्यांतील सत्त्व मातीस परत मिळाले नसते. भीमाशंकरच्या अरण्यात पावसाळी रात्री कुजत्या काटक्यांवर जो मंद हिरवट प्रकाश दिसतो, तो अशाच बुरशीचा असतो.

दुसरे काम भागीदारीचे. काही बुरशा झाडांच्या मुळांशी एकजीव होऊन राहतात. जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनी १८८५ साली या सहवासास ‘मायकोरायझा’, म्हणजे बुरशीयुक्त मूळ, असे नाव दिले. जेथे मूळ पोहोचत नाही तेथून हे तंतू पाणी व स्फुरद आणून देतात. त्याच्या मोबदल्यात झाड त्यांस साखर पुरविते. बहुसंख्य झाडांचा संसार या देवघेवीवर चालतो.

तिसरे काम पोकळी करण्याचे. जुन्या वृक्षाचा गाभा बुरशीने कुजला की ढोली तयार होते. धनेश पक्षी स्वतः ढोली कोरत नाही. त्याची मादी अशाच ढोलीत अंडी घालते. गाभा हा मृत काष्ठाचा असतो, आणि रस वाहणारे काष्ठ त्याच्या बाहेर असते. म्हणून ढोली असलेले झाडही अनेक वर्षे जोमाने उभे राहू शकते.

मग शहरातील व गावातील झाडे बुरशीने का उन्मळतात? उत्तर झाडाच्या सभोवार पाहिल्यास सापडते. नळासाठी व तारांसाठी चर खणताना मुळे तोडली जातात. बुंध्यापर्यंत सिमेंट पसरल्याने मुळांस हवा व पाणी मिळत नाही. विजेच्या तारांखालील फांद्या वेड्यावाकड्या तोडल्या जातात. शाळाही या दोषातून मुक्त नाहीत. सुविचारांचा फलक व शाळेची घंटा झाडास खिळा ठोकून टांगली जाते, आणि झाडलेला पाचोळा बुंध्याशीच पेटविला जातो. त्यामुळे साल भाजते व मातीचे खाद्यही जळून जाते. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. दार मात्र जखमेने उघडते.

झाडाची जखम मनुष्याच्या जखमेप्रमाणे भरून येत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील अ‍ॅलेक्स शिगो यांनी अनेक खोडे चिरून पाहिली आणि १९७७ साली असे मांडले की, झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालते व पुढे नवे काष्ठ वाढविते. फांदीच्या मुळाशी जो फुगीर कंगोरा असतो तो राखून कापल्यास ही भिंत लवकर उभी राहते. कापलेल्या जागी डांबर फासल्याने कूज थांबत नाही.

प्रयोग : दोन ताजी लिंबे घ्यावीत. एकास सुईने पाच-सहा ठिकाणी टोचावे. दुसरे अखंड ठेवावे. नासक्या लिंबावरील हिरवी बुरशी कापसाच्या बोळ्याने दोहोंसही सारखीच लावावी व ती काचेच्या निरनिराळ्या झाकणबंद बरण्यांत ठेवावीत. आठवड्याभरात टोचलेले लिंबू बहुधा आधी नासते. बुरशी दोघांनाही मिळाली, मग फरक कशाने पडला, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. बरण्या वर्गात उघडू नयेत.

निरीक्षण : श्रावणात आवारातील प्रत्येक झाडाची नोंद करावी : नाव, बुंध्याचा घेर, खिळे, भाजल्याच्या व तोडल्याच्या खुणा, छत्र्या असल्यास त्यांची जागा. रानटी अळंबी मुलांनी तोंडात घालू नये. कित्येक जाती विषारी असतात.

शिक्षकांनी विशेष जपावे ते असे. गुलमोहर वा बाभूळ यांच्या बुंध्याशी लाखेसारखी चकाकी असलेले तांबूस छत्र दिसले, तर मुळे कुजत असल्याचा तो इशारा समजावा. पालवी हिरवी आहे एवढ्यावर विसंबू नये. त्या झाडाखाली वर्ग भरवू नये व मुलांना खेळू देऊ नये. मुख्याध्यापकांमार्फत ग्रामपंचायतीस लेखी कळवावे. शहरात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण अधिनियमान्वये स्थापन झालेल्या वृक्ष प्राधिकरणास कळवावे. उलटपक्षी, केवळ ढोली दिसली म्हणून जुना वड वा आंबा तोडण्याची घाई होऊ नये. जाणकारांकडून तपासणी करवून मगच निर्णय व्हावा.

गृहपाठ : आवारातील झाडांचे खिळे, दोऱ्या व तारा यांची यादी करणे. पुढील आठवड्यात शिक्षकांनी तारा व दोऱ्या सोडवाव्यात आणि घंटेसाठी स्वतंत्र खांब उभारावा. बुंध्याभोवती सिमेंट असल्यास ते मुळांस धक्का न लावता काढवून मातीचे आळे करावे, व पाचोळा न जाळता त्यात पसरावा. मात्र तो खोडास टेकू देऊ नये. दिल्लीतील झाडांभोवतीचे सिमेंट १ मीटरपर्यंत काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिला होता. शाळेने असे काम आदेशाची वाट न पाहता करावे.