संमिश्र संख्यांचा भागाकार : हाताने आणि यंत्राने

ज्या संख्येचा वर्ग उणे १ येतो, तिला गणितात ‘आय’ म्हणतात. एक वास्तव संख्या आणि ‘आय’ची काही पट यांची बेरीज म्हणजे संमिश्र संख्या. इटलीच्या बोंबेल्लीने १५७२ साली प्रसिद्ध केलेल्या बीजगणितात या संख्यांचे नियम मांडले. पुढे १८९३ साली स्टाइनमेट्झ यांनी प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाच्या गणितात त्यांचा उपयोग करून दाखविला. तेथे दाबाला संरोधाने भागले म्हणजे प्रवाह मिळतो. म्हणून हा भागाकार अचूक येणे अगत्याचे.

आता ११ + १० आय या संख्येस २ + ३ आय ने भागू. छेदात वर्गमूळ असता आपण अनुबद्ध राशीने गुणतो. येथेही तीच युक्ती. छेदाची अनुबद्ध संख्या २ – ३ आय. तिने अंश व छेद दोहोंस गुणावे. छेद होतो ४ + ९ म्हणजे १३. त्यातून ‘आय’ नाहीसा झाला. अंश होतो ५२ – १३ आय. म्हणून भागाकार ४ – आय.

हेच काम एक्सेलच्या तक्त्यात ‘आयएमडिव्ह’ हे सूत्र क्षणात करते. बरोबरचे चिन्ह देऊन सूत्राचे नाव लिहावे. कंसात प्रथम भाज्य, मग स्वल्पविराम, मग भाजक. दोन्ही संख्या दुहेरी अवतरणचिन्हांत, इंग्रजी अंकांत, मध्ये जागा न सोडता लिहाव्यात. ‘आय’ हे अक्षर लहान असावे. भाजक शून्य असल्यास यंत्र चूक दाखविते.

परंतु भाज्य व भाजक यांची अदलाबदल झाली, तर ते मुळीच हरकत घेत नाही! चार सप्तदशांश अधिक एक सप्तदशांश ‘आय’ हे उत्तर ते दशांश अपूर्णांकांत निमूटपणे पुढे ठेवते. विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर बरोबरच असते. प्रश्न मात्र आपला नसतो. यंत्र आज्ञा पाळते, हेतू जाणत नाही.

यावर उपाय जुनाच आहे. आलेल्या भागाकारास भाजकाने गुणून पाहावे. ४ – आय गुणिले २ + ३ आय म्हणजे ८ + १२ आय – २ आय + ३, अर्थात ११ + १० आय. भाज्य परत हाती आला, की उत्तर खरे.

विद्यार्थिमित्रांनो, यंत्राचा उपयोग अवश्य करा. मात्र ताळा पाहण्याची विद्या आपल्याजवळच ठेवा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.