चिलगोजा : काढणी, पारख आणि राखायचे बी

ज्वारीची काढणी करताना टपोरी, भरलेली कणसे निवडून बियाण्यासाठी वेगळी बांधून ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. खायचे धान्य वेगळे आणि पेरायचे वेगळे, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. परंतु जे पीक आपण पेरलेले नसते, जंगल आपल्याला देते, तेथे हा नियम सहज विसरला जातो. चिलगोजा हे याचे ठळक उदाहरण आहे. सुक्यामेव्याच्या दुकानात हा सर्वांत महाग जिन्नसांपैकी एक. तो येतो कोठून, काढतात कसा, विकत घेताना पारख कशी करावी आणि त्यातून आपण काय शिकावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

झाड व हवामान

चिलगोजा हे चीड कुळातील एका झाडाचे बी आहे. शास्त्रीय नाव पायनस जिरार्डियाना. भारतात हे झाड मुख्यतः हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात, तसेच चंबा जिल्ह्याच्या काही भागात आढळते. पाकिस्तान व अफगाणिस्तानातही त्याची जंगले आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० ते ३,३०० मीटर उंचीवर, कोरड्या थंड हवेत आणि खडकाळ उतारावर ते वाढते. तेथे पाऊस कमी पडतो व हिवाळ्यात बर्फ असते. किन्नौरमध्ये चिलगोजाला 'न्योजा' म्हणतात. तेथे लग्नकार्यात पाहुण्यांच्या गळ्यात चिलगोजाची माळ घालतात.

आपल्या हवेत हे झाड फळणार नाही. कोणी चिलगोजाची रोपे विकावयास आणल्यास शेतकरी बंधूंनी त्यात पैसा गुंतवू नये. मूळ प्रदेशातही या झाडाची वाढ अतिशय सावकाश होते.

काढणी

या झाडाला आंब्या-पेरूसारखे फळ येत नाही. जाड, लाकडी खवल्यांचा शंकू येतो आणि प्रत्येक खवल्याखाली बी असते. फुलोरा मे-जूनमध्ये येतो, मात्र शंकू पक्व होतो तो पुढील वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे काढणीच्या वेळी एकाच झाडावर दोन वर्षांचे पीक असते : या वर्षीचे मोठे हिरवे शंकू आणि पुढील वर्षी तयार होणारे बारीक शंकू.

शंकू झाडावर उकलू दिला तर बी उतारावर विखुरते आणि पक्षी व उंदीर ते नेतात. म्हणून शंकू हिरवे, मिटलेले असतानाच काढतात. झाडावर चढून किंवा लांब काठीला आकडी बांधून ते खाली पाडतात. उतार तीव्र असल्याने हे काम जोखमीचे आहे. शंकूंचा ढीग करून तो काही दिवस झाकून ठेवतात, नंतर उन्हात वाळवतात. खवले उकलले की काठीने बडवून बी वेगळे करतात. राळेमुळे हात व कपडे चिकट होतात. याच दिवसांत तेथे सफरचंदाची तोडणी असल्याने मजुरांची ओढाताण होते.

खरी अडचण

घाईच्या काढणीत शंकूबरोबर फांदीही तोडली जाते. फांदी गेली की तिच्यावरचे पुढील वर्षीचे बारीक शंकूही जातात. या वर्षाच्या उत्पन्नासाठी पुढच्या वर्षाचे उत्पन्न तोडून टाकण्यासारखेच हे आहे. ज्या जंगलाची काढणी ठेकेदाराकडे जाते, तेथे तर पुढील वर्षाची फिकीर करण्याचे त्याला कारणच उरत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. भाव चांगला मिळतो म्हणून जवळजवळ सर्वच शंकू उतरवले जातात. या बियांना वाऱ्यावर उडण्याजोगे पंख नसतात. नटक्रॅकर नावाचा कावळ्याच्या कुळातील पक्षी बिया पुरून ठेवतो आणि विसरलेल्या बियांतून रोपे उगवतात. परंतु जमिनीवर बी पडलेच नाही तर पुरणार काय? जी थोडी रोपे उगवतात, ती शेळ्या-मेंढ्या खातात. परिणामी अनेक जंगलांत जुनी झाडे आहेत, पण नवी रोपे फारशी दिसत नाहीत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने या जातीची नोंद धोक्याच्या उंबरठ्यावरील जातींत केली आहे.

उपाय अवघड नाहीत. फांदी न तोडता आकडीने शंकू काढावेत. प्रत्येक जंगलात काही चांगली झाडे बियाण्यासाठी राखावीत आणि नवीन रोपे असलेल्या जागी काही वर्षे चराई बंद ठेवावी. मात्र हे एकट्याने साधत नाही. मी राखलेले शंकू शेजाऱ्याने काढले तर माझे राखणे वाया जाते. म्हणून निर्णय गावाने मिळून करावा लागतो.

इतर प्रकार

चीड कुळातील सुमारे २० जातींचे बी खाण्याजोगे मोठे असते. बाजारात पुढील प्रकार महत्त्वाचे आहेत.

१) भूमध्य समुद्राकाठचा : स्पेन, पोर्तुगाल, इटली व तुर्कस्तान येथे. गर लांबट, हस्तिदंती रंगाचा, कवच फार टणक. शंकू पक्व होण्यास तीन वर्षे लागतात. सपाट जागी ट्रॅक्टरला जोडलेल्या यंत्राने झाड हलवून शंकू पाडतात. १९९९ मध्ये अमेरिकेतील एक ढेकूण-वर्गीय कीड इटलीत आढळली. पुढे ती इतर देशांत पसरली आणि या पिकाचे मोठे नुकसान झाले.

२) कोरियन : ईशान्य चीन, कोरिया व पूर्व रशिया येथे. गर आखूड व तिकोनी.

३) सैबेरियन : बी बारीक, तेलासाठीही वापरतात.

४) पिनयॉन : अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील. तेथील आदिवासींचे जुने अन्न. भरघोस पीक काही वर्षांच्या अंतराने येते.

खरेदी करताना

१) कवचासह चिलगोजा सुमारे दोन सेंटिमीटर लांब, सडपातळ व तपकिरी असतो. सोललेला आखूड, तिकोनी गर चिलगोजाच्या भावाने घेऊ नये. तो बहुधा कोरियन प्रकारचा असतो.

२) पोत्यातील वरचे दाणे पाहून सौदा करू नये. आतून मूठभर दाणे काढून २० दाणे फोडावेत. किती पोचट, किडके किंवा बुरशी लागलेले निघतात ते मोजावे व त्यावरून भाव ठरवावा.

३) गर चावून पाहावा. ताजा गर गोडसर लागतो, जुना खवट.

४) काही वेळा खाल्ल्यानंतर एक-दोन दिवसांनी तोंड कडू होते आणि ही चव आठवडा-दोन आठवडे टिकते. चीनमधील पायनस आर्मंडी या जातीच्या बियांशी याचा संबंध जोडला गेला आहे. हा त्रास आपोआप जातो, पण तो माल पुन्हा घेऊ नये.

साठवण व उपयोग

चिलगोजाच्या गरात निम्म्याच्या आसपास तेल असते, म्हणून तो लवकर खवट होतो. शक्यतो कवचासह घ्यावा, हवाबंद डब्यात थंड जागी ठेवावा. सोललेला गर शीतकपाटात ठेवून लवकर संपवावा. कवचासह दाणे लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजून, सोलून खावेत. सोललेला गर दोन-तीन मिनिटांतच तांबूस होतो, तेव्हा तव्यापासून हलू नये. इटलीत तुळशीच्या जातीची पाने, लसूण, चीज व ऑलिव्ह तेलाबरोबर वाटून त्याची चटणी करतात. कोरियात तांदळाबरोबर पेज करतात. आपल्याकडे खीर व शिऱ्यात तो चांगला लागतो. सुक्यामेव्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र टाळावा.

आपल्यासाठी धडा

चिलगोजा आपल्याकडे नाही, पण चारोळी आहे. मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर व सातपुड्यातील बंधू-भगिनींना चाराचे झाड परिचित आहे. दुसरा कोणी आधी नेईल या धास्तीने तेथेही फळे हिरवी असतानाच तोडली जातात, फांद्या छाटल्या जातात. अपक्व फळातील गर बारीक राहतो, भाव पडतो आणि रुजवण्यासाठी बीही उरत नाही. फळ काळे पडू लागल्यावरच तोडावे आणि फांदी मोडू नये. दर पाच-सहा झाडांमागे एक चांगले झाड बियाण्यासाठी राखावे. तोडणीचा पहिला दिवस ग्रामसभेत ठरवून सर्वांनी पाळावा.

जंगलाचे पीक आपण पेरत नाही, हे खरे. म्हणूनच बियाण्याचा वाटा झाडावर ठेवून उरलेलेच घरी आणले, तर ते आपल्या मुलांनाही मिळेल.