देवनागरी संहिता आणि यंत्रस्मृतीचे मापन

चेन्नई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘एआय-फॉर-भारत’ या संशोधनगटाने २०२३ साली ‘इंडिकट्रान्स-२’ ही अनुसूचीतील बावीसही भाषांची भाषांतरप्रणाली प्रसिद्ध केली. अशा कार्यासाठी संहितांचे प्रचंड संग्रह सर्व्हरवर चाळावे लागतात, आणि तेथे एक तक्रार सहज संभवते: भारतीय लिपी यंत्राला जड जातात. तक्रार अगदीच निराधार नाही. प्रचलित यूटीएफ-८ संकेतनात इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हास तीन. ‘क्ष’ हे एकच जोडाक्षर नऊ बाइट व्यापते. प्रोसेसर स्मृतीतून मजकूर बहुधा ६४ बाइटांच्या तुकड्यांनी उचलतो. त्यात देवनागरी चिन्हे जेमतेम एकवीस मावतात.

परंतु एवढ्यावरून विलंबाचे खापर लिपीच्या माथी फोडणे घाईचे ठरेल. मजकूर ओळीने वाचला जात असता पुढचा तुकडा प्रोसेसर आधीच मागवून ठेवतो. खरा खोळंबा संभवतो तो कोशात, जेथे शब्दागणिक स्मृतीच्या दूरच्या कोपऱ्यात उडी घ्यावी लागते. दोष कोणाचा हे ठरविण्यास नुसती बेरीज अपुरी आहे. कोणत्या आदेशाने कोणता पत्ता मागितला व तो किती काळ तिष्ठला, हे कळावयास हवे. ही नोंद खुद्द प्रोसेसर नमुन्यादाखल करून देतो. इंटेलची पेब्ज, एएमडीची आयबीएस आणि आर्मची एसपीई या त्याच्या परिचित पद्धती होत.

मात्र सर्व्हरची पूर्वतयारी हवी. लिनक्समधील ‘परफ-इव्हेंट-पॅरानॉइड’ हे मूल्य सामान्य वापरकर्त्याचे मापन मर्यादित करते; ते प्रशासकाकडून उतरवून घ्यावे लागते. आभासी यंत्रापर्यंत ही सुविधा पुष्कळदा पोहोचतच नाही. आर्मवर एसपीईसाठी केपीटीआय हे संरक्षण बंद ठेवावे लागते, आणि असे यंत्र इतरांस खुले ठेवणे शहाणपणाचे नव्हे. दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरवर काम व त्याची स्मृती एकाच बाजूस बांधावी. एरवी अंतराचा विलंब कोशाच्या नावे जमा होतो. नमुन्यांमधील अंतरही किंचित अनियमित असावे. अनुष्टुभाचे दर आठवे अक्षर तेवढे ऐकणाऱ्यास केवळ चरणान्तच ऐकू येतील. तसेच येथे घडते.

एवढे झाल्यावर तीच संहिता एकदा देवनागरीत व एकदा रोमन लिप्यंतरात, त्याच कोशरचनेवर चालवून पाहावी. दोन्ही वेळी तिष्ठणारे पत्ते कोशातलेच निघाले, तर दुरुस्ती कोशरचनेची करावयाची आहे.