रेडिएटरला आवरण घालताना

प्रश्न : आम्ही लंडनला राहतो. मुलगी रांगू लागली आहे, म्हणून दिवाणखान्यातल्या रेडिएटरला लाकडी आवरण घालायचे आहे. कोणते निवडावे?

उत्तर : नक्षी आणि रंग शेवटी ठरवा, आधी हवेला वाट आहे का ते पाहा. खोली तापते ती मुख्यतः रेडिएटरमधून वर चढणाऱ्या हवेमुळे. थंड हवा खालून शिरते, गरम होऊन वर निघते. म्हणून तळाशी मोकळी फट आणि शक्यतो वरच्या फळीतही जाळी हवी. वर सपाट बंद फळी असलेले आवरण फोटोत देखणे दिसते, पण मी ते घेणार नाही. जाळीत बाळाचे बोट अडकता कामा नये.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. व्हॉल्व्हवर थर्मोस्टॅट असेल, तर आत कोंडलेली ऊब त्याला खोलीचीच वाटते आणि तो गरम पाणी लवकर बंद करतो. त्याच्यासाठी बाजूला खाच ठेवा, किंवा बाहेर बसणारा सेन्सर लावून घ्या.

आवरण भिंतीला स्क्रूने पक्के करा. मुलगी उभी राहू लागली की त्यालाच धरेल. पुढचा भाग मात्र काढता आला पाहिजे. रेडिएटरमध्ये अडकलेली हवा सोडायला आणि धूळ झटकायला तो लागतोच.