बूट नको म्हणणारा पाय

गेल्या जूनमध्ये दुसरीतल्या एका मुलाला घेऊन त्याची आई माझ्या दवाखान्यात आली. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि रोज सकाळी साडेसहाला याच्या पोटात दुखायचं. रविवारी मात्र दुखायचं नाही. अशा पोटदुखीत शाळेत काही बिनसलंय का, हे आधी विचारावं लागतं. विचारलं, तर बाई आवडतात, मित्र आहेत, डबाही संपतो. तपासून झाल्यावर तो टेबलावरून उतरला आणि बुटांत पाय घालायला उगाच रेंगाळला. मी मोजे काढायला सांगितले. दोन्ही टाचांवर फोड येऊन फुटले होते आणि उजव्या अंगठ्याचं नख मुळाशी काळंनिळं पडलं होतं.

"अहो, बूट तर नवेकोरे आहेत," आई म्हणाली. "दुकानात हाच म्हणाला ना, बरोबर बसतात म्हणून!"

पालकहो, मुलाचं हे "बरोबर बसतात" खरं मानू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावरच्या कुठल्याही चपलांच्या दुकानात जाऊन बघा. गणवेश, दप्तर, वह्या असं सगळं उरकून शेवटी बुटांची पाळी येते. तोवर मूल कंटाळलेलं, आई-बाबा थकलेले, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तिथून सुटायचं तर "हो, बसतात" म्हणणं हाच मुलाला जवळचा मार्ग वाटतो. विक्रेता बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून "जागा आहे बघा" म्हणतो, तेव्हाही फसगत होते, कारण कुणी वरून दाबलं की मूल आत बोटं आखडून घेतं. ते मुद्दाम करत नाही, पाय आपोआप मागे सरतो. आखडलेल्या बोटांपुढे जागा दिसते आणि बूट पिशवीत पडतो.

म्हणून मूल नव्या बुटांना नको म्हणत असेल तर "हट्टी आहे" म्हणण्याआधी त्याच्या पायाकडे बघा. गेल्या वर्षीचा बूट चावला असेल आणि ते त्याच्या लक्षात असेल. अंगठ्याचं नख मांसात रुतलं असेल. आठ ते चौदा वर्षांच्या, भरपूर खेळणाऱ्या काही मुलांच्या टाचा दुखतात. टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून मुख्य हाडाशी सांधलेला नसतो आणि पोटरीच्या स्नायूची शीर तिथेच ओढ देत असते. पातळ, सपाट तळाच्या बुटात ही टाच आणखी दुखते. काही मुलांना मोज्याची बोटांवर येणारी शिवणच सहन होत नाही. त्यांना मोजा उलटा करून घालून बघा. शिवण बाहेर गेली की पुष्कळदा भांडण मिटतं. मात्र शिवणीबरोबरच शर्टाच्या आतलं लेबल, केस कापणं, कुकरची शिट्टी हेही मुलाला असह्य होत असेल, तर रागावू नका. एकदा बालरोगतज्ज्ञांशी मोकळेपणानं बोला.

आता मापाचं. सगळ्यात जास्त आग्रह मी याचाच धरते, कारण अर्ध्या तक्रारी इथेच थांबतात.

दुकानात जायच्या आदल्या संध्याकाळी घरी एक कोरा कागद जमिनीवर ठेवा. संध्याकाळीच, कारण दिवसभरानंतर पाय किंचित सुजलेला असतो. शाळेचे मोजे घालून मुलाला कागदावर दोन्ही पायांवर सरळ उभं करा. बसून माप घेऊ नका, अंगाचा भार पडला की पाय लांबतो आणि पसरतो. पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पायांभोवती रेघ काढा. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, काही घरांत अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. दोन पायांत जो मोठा भरेल तो धरा, त्यात एक सेंटिमीटर मिळवा आणि तेवढ्या लांबीची पुठ्ठ्याची पट्टी कापा. दुकानात ही पट्टी बुटात सरकवायची. ती न वाकता टाचेपर्यंत सपाट बसली तरच तो बूट पायात घालून बघायचा. दहा जोड चढवण्या-उतरवण्यातून मूल सुटतं आणि दोन-तीन जोडांतच काम होतं. पट्टी मुलाच्याच हातात द्या. पट्टीत पास झालेल्यांतला कुठला घ्यायचा, नाडीचा की चिकटपट्टीचा, हेही त्यालाच ठरवू द्या.

नंबरावर विसंबू नका. आपल्याकडे चालणारे इंग्लिश नंबर इंचाच्या तिसऱ्या भागानं, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरनं वाढतात, आणि लहानांचा १३ संपला की पुढचा नंबर पुन्हा १ असतो. तोच नंबर दोन कंपन्यांत वेगळा बसू शकतो.

बूट घातल्यावर मुलाला दुकानात दहा-वीस पावलं चालू द्या, चवड्यांवर उभं राहू द्या. टाच सुटत असेल तर तो जोड नको. मागची बाजू दाबली तरी चेपू नये. बूट हातात धरून वाकवा, तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मध्यभागी नव्हे.

"वाढतं अंग आहे" म्हणून दोन नंबर मोठा घेऊन पुढे कापूस कोंबणं ही आपली जुनी सवय. खर्चाची ओढाताण मला कळते. पण मोठ्या बुटात पाय पुढे सरकतो, मूल बोटांनी बूट धरून चालतं आणि जिन्यात अडखळतं. शाळेच्या वयात पाय वर्षाला साधारण एक नंबर वाढतो, त्यामुळे एक सेंटिमीटरची जागा पुरेशी असते. दादाचे बूट धाकट्याला द्यायला हरकत नाही, पण आधी ते टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला झिजून बूट कलला असेल तर देऊ नका. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना २०२३ पासून गणवेशाबरोबर बूट-मोजे द्यायचं राज्य सरकारनं ठरवलं, ते फार चांगलं झालं. तिथल्या शिक्षकांनाही माझी विनंती आहे, माप वर्गातल्या रांगेत अंदाजानं नको, अशाच कागदावर घ्या.

सपाट तळव्यांबद्दल पुष्कळ पालक घाबरून येतात. सहा-सात वर्षांपर्यंत तळवा सपाट दिसणं बहुतेक मुलांत नैसर्गिक असतं. मूल चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल आणि दुखत नसेल, तर महागड्या गाद्या किंवा खास बूट लागत नाहीत. मूल लंगडत असेल, एकच पाय दुखत असेल, दुखण्यानं रात्री उठत असेल किंवा चवड्यांवर उभं राहूनही तळवा सपाटच राहत असेल, तर मात्र दाखवायला उशीर करू नका.

नवे बूट शाळेच्या पहिल्याच दिवशी सहा तास घालायला लावू नका. आधीचे चार-पाच दिवस घरात अर्धा-अर्धा तास घालू द्या. आणि आपल्याकडे शाळा आणि पाऊस एकाच वेळी सुरू होतात हे विसरू नका. ओल्या बुटात दिवसभर पाय राहिला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. दप्तरात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरड्या मोज्यांचा एक जोड असू द्या. घरी आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली ठेवा. भर पावसाच्या दिवसांत सँडल चालतील का, असं शाळेला सरळ विचारा.

त्या मुलाचे फोड आठवडाभरात वाळले, पट्टीनं मोजून बूट बदलले आणि पोटदुखीही गेली. दिवाळीच्या सुट्टीआधी तो सर्दीसाठी आला. आईच्या पर्समध्ये जूनमधला कागद चार घड्या घालून ठेवलेला होता. त्यानं तो जमिनीवर पसरला आणि मोजा न काढताच त्यावर उभा राहिला. अंगठा पेन्सिलीच्या रेघेच्या थोडा पुढे गेला होता.

"डॉक्टरबाई, बघा," तो म्हणाला, "अजून चालतील ना हे बूट?"

आम्ही दोघांनी वाकून मोजलं. तीन मिलिमीटर. चालणार होते.