लेक्चर संपल्यावर थांब

वर्तकनगर, ठाणे

चि. सोनूस,

एल्फिन्स्टनच्या यादीत तुझं नाव लागल्याचं ताईने फोनवर सांगितलं. तिच्या आवाजात आनंद होता, पण काळजी जास्त होती. एक काळजी डोंबिवलीहून रोज करायच्या लोकलच्या प्रवासाची. दुसरी, तू आर्ट्स घेतलंस याची. तुमच्या सोसायटीत कुणीतरी तिला विचारलं म्हणे, "एवढे मार्क मिळवून आर्ट्सला?" आणि तू मान खाली घालून आत निघून गेलीस. बाळा, मान खाली घालण्यासारखं तू काही केलेलं नाहीस. ज्या कॉलेजात तू चालली आहेस त्याची हकीकत तुला नीट ठाऊक असती, तर तुला उत्तर सुचलं असतं. म्हणून हे पत्र. मी तिथला विद्यार्थी नव्हतो. पण इतिहासाचा मास्तर म्हणून मे महिन्याच्या सुट्ट्यांत त्याच इमारतीतल्या पुराभिलेखागारात जाऊन बसायचो, त्यामुळे त्या जागेबद्दल मला आपलेपणा आहे.

आधी एवढं समजून घे की हे कॉलेज लोकांच्या पैशातून उभं राहिलं. १८२७ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नरपद सोडून निघाले, तेव्हा त्यांच्या नावाने इंग्रजी आणि युरोपातली शास्त्रं शिकवणारे प्राध्यापक नेमावेत म्हणून वर्गणी गोळा झाली. दोन लाखांवर रुपये जमले. त्या काळातले दोन लाख! देणारे शेटिये होते, सरदार होते, व्यापारी होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना स्वतःला त्या वर्गांत कधी बसायचं नव्हतं. आज ते सरकारी कॉलेज आहे आणि होमी भाभा राज्य विद्यापीठात सिडनहॅम आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या जोडीने सामील आहे. तुझी फी कमी आहे कारण उरलेला भार कुणीतरी दुसरं उचलतंय. त्यात आमच्या वर्तकनगरातला रिक्षावाला आला, तुझ्या डोंबिवलीतली पोळीभाजी केंद्र चालवणारी बाई आली. ओझं वाटून घेऊ नकोस, पण लक्षात ठेव.

सुरुवातीचे वर्ग टाउन हॉलमध्ये भरत. १८३४ साली तिथे असिस्टंट प्रोफेसर म्हणून नेमले गेले ते आपले बाळशास्त्री जांभेकर, पोंभुर्ल्याचे, वयाने विशीतले. त्याआधी दोनच वर्षं त्यांनी 'दर्पण' काढलं होतं, एका बाजूला इंग्रजी मजकूर आणि शेजारी मराठी. तू मराठी माध्यमातली. पहिल्याच आठवड्यात फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मुली बघून तुला धाकधूक होईल, म्हणून बाळशास्त्र्यांचं नाव काढलं. इंग्रजीला घाबरू नकोस आणि मराठी सोडूही नकोस. जे इंग्रजीत वाचशील त्याचं टिपण रात्री मराठीत लिहून काढ. जे मराठीत स्वच्छ लिहिता येत नाही ते आपल्याला समजलेलं नसतं, हा माझा इतक्या वर्षांच्या शिकवण्यातला अनुभव आहे.

पुढे १८५६ मध्ये शाळा आणि कॉलेज वेगळे झाले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं, आणि १८६२ साली विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. रानडे आणि भांडारकर त्यांतले. भांडारकर १८५३ साली रत्नागिरीहून मुंबईला शिकायला आले, म्हणजे आपल्या ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली त्याच वर्षी. रानड्यांनी विद्यार्थी असताना एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करून मराठ्यांच्या बाजूने कौल दिला. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. तुझ्यावर असली वेळ येणार नाही. पण परीक्षेत सरांना आवडेल तेच लिहायचं, ही सवय आजकाल शाळेपासूनच लागते आणि ती मोडायला वेळ लागतो. पुरावा हाताशी असेल तर तुला पटलेलं लिही, नम्रपणे लिही. दोन मार्क गेले तर जाऊ देत.

फिरोजशहा, तेलंग, जमशेटजी टाटा, गोखले ही नावं तुला फलकावर वाचायला मिळतील, त्यांवर मी शाई घालवत नाही. मला सांगायचंय ते दुसरंच, आणि ते फलकावर नसतं.

१८४८ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी प्रोफेसर पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली एक सभा काढली, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी तिच्या ज्ञानप्रसारक सभा नावाच्या वेगळ्या शाखा झाल्या. कुणीतरी निबंध लिहून आणायचा, वाचायचा, आणि मग बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. कॉलेजात असं मंडळ निघणं नवलाचं नाही. नवल पुढचं आहे. बोलता बोलता विषय मुलींच्या शिक्षणावर आला आणि ही मुलं नुसती बोलून उठली नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा काढल्या. जागा घरोघरी फिरून मिळवल्या आणि आपलं रोजचं काम सांभाळून स्वतः पगाराशिवाय शिकवलं. दादाभाई नौरोजी त्यांत पुढे होते. तेच पुढे कॉलेजात गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. मुलीच्या हातात पाटी दिसली की लोक नाकं मुरडत, असा तो काळ. आईबापांना एकेक करून समजवावं लागे.

सोनू, याचा वेळापत्रकात कुठेही उल्लेख नव्हता. त्याला मार्क नव्हते, आताच्या भाषेत क्रेडिट नव्हतं. कॉलेजच्या वेळेबाहेरच्या तासांत हे घडलं. मला वाटतं, एल्फिन्स्टनने मुंबईला जे दिलं त्यात या तासांचा वाटा वर्गातल्या तासांपेक्षा कमी नाही. तू उद्या तिथे जाशील तेव्हा दिसेल की शेवटचं लेक्चर सुटलं की निम्मा वर्ग स्टेशनकडे धावतो. त्यात त्यांचा दोष नाही, विरार, पनवेल, बदलापूर गाठायचं असतं. पण त्यामुळे कॉलेज म्हणजे चार लेक्चरं आणि एक हजेरीपट एवढंच उरतं. तू थांब. आठवड्यातून दोन दिवस तरी थांब. चार-पाच जणींना घेऊन एक वाचनमंडळ सुरू कर, खोली मिळाली नाही तर जिन्यात बसा. दर वेळी एकीने लिहून आणायचं हा नियम मात्र मोडू देऊ नका, नाहीतर त्याच्या गप्पा होतील. पहिल्या सहा महिन्यांत मंडळ दोनदा बंद पडेल. तिसऱ्यांदा सुरू कर.

ताईची समजूत मी घालतो. संध्याकाळी सीएसएमटीवरून सुटणारी गाडी पकडलीस तर महिलांच्या डब्यात बसायला मिळण्याची शक्यता असते, उभ्याने येऊन दमायला नको. गाडीत बसलीस की फोन करायचा, हे मात्र माझ्या बाजूनेही पक्कं.

आता एक गोष्ट, जी सांगताना मला त्रास होतो. डॉ. आंबेडकर याच कॉलेजात शिकले. रानड्यांच्या वेळी आजची इमारत नव्हती. कॉलेज काळा घोड्याला आलं ते १८८० च्या दशकाच्या शेवटी, म्हणून रानडे त्या कमानींखालून विद्यार्थी म्हणून गेले नाहीत. बाबासाहेब गेले. परळच्या चाळीतलं घर, सयाजीराव गायकवाडांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती. प्रोफेसर म्युलर त्यांना पुस्तकं देत, कपडेही देत. आणि त्याच आवारात उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा किंवा पाणी देत नसे. धनंजय कीर यांनी चरित्रात हे लिहून ठेवलं आहे. शेक्सपिअर आणि मिल शिकवणारं कॉलेज, आणि एका विद्यार्थ्याला प्यायला पाणी नाही. मुलींसाठी शाळा काढणाऱ्यांच्या परंपरेतलं हे कॉलेज आहे आणि हेही तिथलंच आहे. अभिमान बाळगायचा तर दोन्ही ठेवून बाळगायला हवा.

म्हणून कॅन्टीनमध्ये बसशील तेव्हा आजूबाजूला बघत जा. वसतिगृहात राहणारी गावाकडची मुलगी एकटी डबा खाते का, कुणाच्या आडनावावरून कुजबुज होते का, कुणाच्या इंग्रजीला हसतात का. तिच्याजवळ जाऊन बस. त्यासाठी भाषणाची गरज नसते. म्युलरांनी भाषण केलं नव्हतं, पुस्तक दिलं होतं.

इमारतीचं थोडं सांगतो. आराखडा ट्रबशॉ यांचा, बांधकामावर देखरेख खान बहादूर मंचरजी मुर्झबान यांची. २०१८ साली युनेस्कोने मुंबईतल्या ज्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यांत ती आहे. रस्त्यापलीकडे जहांगीर आर्ट गॅलरी आहे, दोन पावलांवर डेव्हिड ससून वाचनालय, जरा पुढे वस्तुसंग्रहालय, मागे राजाबाई टॉवर, आणि फोर्टातून चालत गेलीस तर एशियाटिक सोसायटी. एवढं सगळं पायी हिंडता येईल असं दुसरं कॉलेज महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. जहांगीरला शिरायला तिकीट लागत नाही, पाऊस आला की सरळ आत जा आणि चित्रं बघ.

पण तुझ्यासाठी खरा खजिना त्याच छपराखाली आहे, महाराष्ट्र राज्याचं पुराभिलेखागार. कंपनी सरकारच्या काळापासूनचे कागद तिथे आहेत. तुझ्या विभागप्रमुखांचं पत्र घेऊन चौकशी कर. पहिल्या दिवशी काही कळणार नाही, अक्षर लागणार नाही, वैताग येईल. दुसऱ्या दिवशी परत जा. जुना गठ्ठा सुटतो, कागदाचा वास येतो, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा शेतकऱ्याचा अर्ज आपल्यासमोर असतो. मी पहिल्यांदा असा अर्ज वाचला त्या दिवसापासून वर्गात इतिहास शिकवण्याची माझी पद्धतच बदलली.

विषयही सुचवतो. इथे वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारती जाऊन टॉवर उभे राहताहेत. पलीकडे रेमंडची गिरणी होती, तिथे आता घरांचे मनोरे आहेत. गिरणीत राबलेली माणसं अजून साईबाबा मंदिराच्या आसपास संध्याकाळी बसलेली दिसतात, बोलतं करणारं कुणी भेटलं तर तासन् तास बोलतात. १८८२ साली छापलेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर आधी वाच, मग त्यांच्याकडे ये. त्यांच्या आठवणी लिहून घेणारं कुणी नाही आणि ती माणसं आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. हे काम दहा वर्षांनी करता येणार नाही. तुमच्या वाचनमंडळाचा पहिला निबंध हाच होऊ दे.

मेजर-मायनरचं तू विचारलं होतंस. मेजर इतिहास ठेव, तुझा ओढा तिकडेच आहे. मायनरला अर्थशास्त्र घे असं मी म्हणेन, कारण आकड्यांची भीती गेल्याशिवाय इतिहास निम्माच कळतो. पण फॉर्म भरण्याआधी तिथल्या एक-दोन शिक्षकांशी बोल, कोण काय आणि कसं शिकवतं हे त्यांनाच जास्त ठाऊक. रेल्वे पाससाठी कन्सेशनचा फॉर्म ऑफिसातून पहिल्याच आठवड्यात घे, पुढे रांग वाढते.

रविवारी विषयांची यादी घेऊन इकडे ये. मामी थालीपीठ करते म्हणालीय. गॅझेटियरची माझी प्रत काढून ठेवली आहे, ती घेऊन जा. मात्र पानांवर पेनाने काही लिहायचं नाही.

तुझा,
मामा